बार्शीकडच्या बायकांनी जगाला दिलेली चाचणी कोपरखैरण्यात कधी?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कालच्या अंकात आंतरराष्ट्रीय संस्थेबरोबर झालेल्या आरोग्य-संशोधन कराराची बातमी वाचली. फोटो चार कॉलमी, पण सामान्य बाईला गर्भपिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरची चाचणी कुठे मिळेल याबद्दल एक ओळ नाही. राहवलं नाही म्हणून लिहिते आहे.

असे करार नकोत, असं मी मुळीच म्हणत नाही. माझं माहेर बार्शीपलीकडचं, तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातलं. 1999 पासून तिथे बार्शीचं नर्गिस दत्त कॅन्सर रुग्णालय, टाटा मेमोरियल आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली कॅन्सर संशोधन संस्था यांनी पिशवीच्या तोंडाच्या कॅन्सरवर मोठा अभ्यास केला. पैसा गेट्स फाउंडेशनचा. 30 ते 59 वयाच्या 1 लाख 31 हजारांवर बायका त्यात होत्या. माझी चुलती त्यांतली एक. खोलीच्या दाराला जुन्या लुगड्याचा पडदा होता. सिस्टरने नमुना घ्यायचा तो इवलासा ब्रश आधी तिच्या हातात दिला, तेव्हा कुठे ती तयार झाली. खुरपणी सोडून गेली होती, त्या दिवसाची मजुरी बुडाली.

2009 मध्ये निष्कर्ष आले. एकदाच केलेल्या एचपीव्ही चाचणीने, म्हणजे हा कॅन्सर करणारा विषाणू शोधणाऱ्या तपासणीने, आठ वर्षांत बळावलेला कॅन्सर आणि त्यातले मृत्यू जवळपास निम्म्यावर आणले. नुसतं ॲसिटिक ॲसिड लावून डोळ्यांनी बघायच्या तपासणीने, म्हणजे व्हीआयएने, तिथे तसा फरक दिसला नाही. तुलनेसाठी 31 हजारांवर बायकांची तपासणी केलीच नव्हती. ते मला आजही बोचतं. 2021 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एचपीव्ही चाचणीलाच पहिली पसंती दिली.

आणि आमच्याकडे? माझ्या जाऊबाई, वय 52, पोळी-भाजी केंद्रात सकाळी सहापासून उभ्या असतात. मीच मागे लागून त्यांना दीड वर्षापूर्वी जवळच्या सरकारी दवाखान्यात नेलं. एचपीव्ही चाचणी इथे होत नाही, व्हीआयए शुक्रवारी होते, असं कळलं. शुक्रवारी गेलो तर सिस्टर रजेवर. पुढच्या शुक्रवारी शिबिराला गेलेल्या. खासगी लॅबने अडीच हजार सांगितले. जाऊबाई म्हणाल्या, "मला काही होत नाही गं, कशाला पैसे घालवायचे?" यंदा फेब्रुवारीत अंगावरून जायला लागलं तेव्हा आजार बराच पुढे गेलेला होता. दीड वर्ष आधी सापडला असता तर काय झालं असतं, हे डॉक्टरांना विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.

संशोधनासाठी गावात घरोघर जाता येतं, मग त्याच संशोधनातून सिद्ध झालेली चाचणी घेऊन आमच्या वस्तीत का येता येत नाही? करारात याचं कलम आहे का, एवढं तरी आपल्या बातमीदाराने विचारायला हवं होतं.

जाता जाता, आपलं बुधवारचं आरोग्य पान दिवाळीपासून बंद आहे. त्यातली दवाखान्यांच्या वेळांची चौकट मी कापून फ्रिजवर लावत असे. ते पान कृपया पुन्हा सुरू करा.

परवा रेडिएशनचा शेक घेऊन आल्यावर जाऊबाईंनी पाणीसुद्धा न पिता विचारलं, "सूनबाई पुढच्या महिन्यात तिशीची होतेय, तिला कुठे नेऊ?" मला सांगता आलं नाही. नवी मुंबईत आणि ठाण्यात ही चाचणी कोणत्या सरकारी दवाखान्यात, कोणत्या वारी, किती पैशांत होते, ते शोधून छापा. आम्ही वाट पाहतो आहोत.

आपली,
एक वाचक, कोपरखैरणे
(जाऊबाईंचा आजार नातेवाइकांत सांगितलेला नाही, म्हणून नाव छापू नये ही विनंती.)