लेखकांच्या यादीतील तिसऱ्या नावाबद्दल

आदरणीय मॅडम,
सा. न. वि. वि.

पीएच.डी. झाल्यावर मी आपल्याला पेढे दिले, प्रबंधाच्या ऋणनिर्देशात ठरावीक चार ओळीही लिहिल्या. परंतु ज्या गोष्टीसाठी खरे आभार मानायला हवे होते, ती त्या ओळींत आलीच नाही. शोधनिबंधावर नावे कोणाची घालायची, असे माझ्या पहिल्या विद्यार्थिनीने मागच्या आठवड्यात विचारले आणि हे पत्र लिहायला बसले.

मी आपल्याकडे आले तेव्हा थोडी पोळलेली होते. आधीच्या प्रयोगशाळेत आठ महिने केलेल्या कामाचा शोधनिबंध माझ्या नावाशिवाय छापून आला होता, आणि विचारल्यावर ‘तू फक्त रीडिंग घेतलीस’ एवढेच उत्तर मिळाले होते. त्यामुळे कुळथातील ट्रिप्सिन-रोधक (ट्रिप्सिन या पाचक विकराला अडवणाऱ्या) प्रथिनावरचे काम सुरू होण्यापूर्वीच आपण कोण काय करणार, कोणाचे नाव कशाच्या आधारावर येणार आणि काम बदलले तर हा कागद पुन्हा कधी उघडायचा, हे लिहून सर्वांच्या सह्या घेतल्या, तेव्हा मला ते अविश्वासाचे लक्षण वाटले. प्रत्यक्षात त्या कागदामुळेच आम्ही एकमेकांवर पाळत ठेवणे सोडून दिले.

वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीचे चार निकष आपण फळ्यावर लिहिले होते: कामात भरीव वाटा, मसुद्याचे लेखन किंवा चिकित्सक वाचन, अंतिम मसुद्याला संमती आणि संपूर्ण कामाची जबाबदारी. प्रयोगशाळेतील मामांनी वर्षभर अर्क तयार केले होते, म्हणजे पहिला निकष त्यांनी पुरा केला होता. पण इंग्रजी मसुदा ते वाचणार कसा? इथेच बहुतेक ठिकाणी अशा माणसाचे नाव गळते आणि ऋणनिर्देशात ‘तांत्रिक साहाय्य’ म्हणून उरते. आपण मात्र पहिला निकष पुरा करणाऱ्याला उरलेले पुरे करण्याची संधी द्यायची असते, नाकारायची नसते, असे सांगून सलग तीन दुपारी मामांना शेजारी बसवून सगळा मसुदा मराठीत समजावून दिलात. दुसऱ्या दुपारी मामा म्हणाले, ‘मॅडम, कुळीथ बारा तास भिजवलेले नाहीत. मी संध्याकाळी पाचला घालतो आणि सकाळी नऊला काढतो.’ आम्ही तिघी शिकलेल्यांनी तो आकडा चार वेळा वाचला होता. बाराचे सोळा झाले आणि मामांचे नाव तिसरे आले.

प्रयोगशाळाप्रमुख या नात्याने विभागातील एका ज्येष्ठांनीही नावाची अपेक्षा ठेवली होती. केवळ देखरेख किंवा निधी मिळवून देणे यावर लेखकत्व मिळत नाही, हे आपण त्यांना अत्यंत नम्रपणे सांगितलेत. त्याची किंमत आपल्याला काय पडली, हे आम्हाला फार उशिरा कळले.

आणि माझी चूक. ब्रॅडफर्ड पद्धतीने, म्हणजे रंगद्रव्य घालून, प्रथिने मोजताना नमुना दहा पट विरल केला होता आणि हिशेबात मी वीसने गुणले होते. साहजिकच प्रथिने दुप्पट दिसत होती आणि विशिष्ट क्रियाशीलता, म्हणजे दर मिलिग्रॅम प्रथिनामागची क्रिया, निम्मी. निबंध पाठवायच्या दोन दिवस आधी, रात्री साडेदहाला, मी आपल्याला फोन केला. रडत होते, हे कबूल करते. आपण विचारलेत, ‘मूळ आकडे वहीत आहेत ना? मग घाबरायचं कशाला?’ सहकारी प्रयोगशाळेला सकाळी गेलेल्या पत्रात ‘आमच्याकडून हिशेबात चूक झाली’ असे होते, विद्यार्थिनीचा उल्लेख नव्हता. चूक मान्य केल्याचा दंड पडत नाही, हे कळल्यावर पुढच्या महिन्यात इतर दोघांनीही आपापल्या वह्यांतील खाडाखोड आपणहून दाखवली.

पुढे जीवरसायनशास्त्रज्ञ कमला सोहोनींविषयी वाचले. १९३३ साली बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेत, केवळ स्त्री म्हणून, त्यांना आधी नकार आणि मग वर्षभराच्या परीक्षणाची अट मिळाली. डाळींमधील प्रथिनांवर त्यांनी तिथेच काम केले. प्रयोगशाळेत कोणाला बसू द्यायचे आणि कोणाचे काम मोजायचे, हा प्रश्न आपल्याकडे किती जुना आहे, ते तेव्हा लक्षात आले.

एक विनंती आहे. नियमाप्रमाणे माझी मूळ वही आपल्या कपाटात आहे. ज्या पानावर वीसचा आकडा तांबड्या शाईने खोडून दहा केला आहे आणि शेजारी आपली सही व तारीख आहे, त्या पानाची छायाप्रत पाठवावी. माझ्या विद्यार्थिनीला ती दाखवायची आहे. मामांना माझा नमस्कार सांगावा.

कळावे,
आपली विद्यार्थिनी