कार्बनची एरो सायकल, मुंबईचे रस्ते आणि बिचारी पाठ

मा. संपादक,
स. न. वि. वि.

तुमच्या रविवारच्या पुरवणीत महागड्या सायकलींवरचा लेख वाचला. फोटो झकास होते, पण लेखाचा सूर असा की कार्बनची एरो रोड बाईक, म्हणजे हवा कमी अडवावी अशा आकाराची रेसिंग सायकल, हे पैसेवाल्यांचे चोचले, त्यात मुंबईचे रस्ते हे असे, म्हणजे ती घेतली की पाठ गेलीच म्हणून समजा. मुलुंड चेकनाक्यावर पहाटे आमची जी मंडळी जमतात त्यांच्यात यावरून बरीच वादावादी झाली आणि शेवटी पत्र लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं, कारण मी रिटायर्ड, याला काय वेळच वेळ असं सगळ्यांना वाटतं.

माझं म्हणणं एवढंच आहे की सायकलवरचा आराम फ्रेमवर कमी आणि टायर, त्यातली हवा आणि हँडलची उंची यावर जास्त ठरतो, आणि बजेट कमी असेल तर पैसे त्याच क्रमाने घालायला हवेत. लोक नेमकं उलटं करतात. आधी फ्रेम, मग खोल (उंच कडेच्या) रिमची चाकं, मग उरलंसुरलं टायरला, आणि मग सांगत फिरतात की एरो सायकल कडक असते हो.

आधी हवेचं बघू. सपाट रस्त्यावर पंचवीस-तीसचा स्पीड धरला की तुमची बहुतेक ताकद हवा कापण्यात जाते, आणि हे गणित वाईट असतं, २५ वरून ३० ला गेलात तर हवेपुरती लागणारी ताकद जवळजवळ पावणेदोनपट होते. पण ही हवा अडवतं कोण, तर मुख्यतः आपला स्वतःचा देह, साधारण तीन चतुर्थांश वाटा त्याचाच, सायकलीचा उरलेला. म्हणजे ५० मिमी खोल रिम लावून वर फडफडणारा टीशर्ट घालून ताठ बसून चालवणाऱ्याने पैसे कुठे घातले ते त्याचं त्यालाच माहीत. कोपर वाकवून, हात आडवे ठेवून, ब्रेक लिव्हरच्या वरच्या रबरी हूडवर दोन तास निवांत बसता आलं तर तो खरा एरो. हँडल रेसवाल्यांसारखं खाली ठोकून ठेवलं आणि वीस मिनिटांत मान आखडली की माणूस उठून बसतो, म्हणजे गेला की सगळा फायदा. म्हणून आराम आणि वेग यांचं वैर आहे ही समजूत निदान आपल्यासारख्या हौशी लोकांपुरती तरी काढून टाकायला हवी.

आता लेखात एक गोष्ट बरोबर होती ती मान्य करतो. एरो फ्रेम उभ्या दिशेने कमी लवचिक असते, नळ्या समोरून अरुंद आणि मागेपुढे खोल, त्यात सीटपोस्ट (सीटखालची नळी) पण डी आकाराची किंवा त्या फ्रेमपुरतीच बनवलेली. साध्या फ्रेममध्ये २७.२ मिमीची गोल कार्बन सीटपोस्ट टाकून धक्का थोडा कमी करता येतो, तो रस्ता इथे बंद. मग उरतो टायर. आणि टायर हा इतका मोठा उपाय आहे की बाकी सगळं त्याच्यापुढे किरकोळ.

आमच्या तरुणपणी रेसिंग सायकल म्हणजे २३ मिमी रुंदीचा टायर आणि दगडासारखी हवा, ११०-१२० पीएसआय, हात झिणझिणले की आपण फास्ट चाललोय असं वाटायचं. आता रेसमधले लोकसुद्धा २८, ३०, ३२ वर आलेत, आणि उगाच नाही. खडबडीत रस्त्यावर कडक चाक प्रत्येक खडबडीला सायकल आणि माणूस दोघांना वर उचलतं, ती उचलण्याची ताकद पायातूनच जाते, थोडा मऊ टायर तो धक्का स्वतःत घेतो आणि पुढे जातो. २५ च्या जागी ३२ टाकला तर आतल्या हवेचा छेद दीडपटीहून जास्त होतो. पंचाहत्तर किलोच्या माणसाला २८ मध्ये साधारण ७० पीएसआय, ३२ मध्ये ५५-६० पुरतं, मागच्या चाकात पुढच्यापेक्षा थोडी जास्त. पंपावरचा काटा मात्र बरा असलेला हवा, पेट्रोलपंपावर भरून कसं चालेल.

म्हणून बजेट एरो फ्रेम बघताना पहिला प्रश्न वजनाचा नको, किती रुंद टायर बसतो हा हवा. ३२ बसत असेल तर मुंबईसाठी घ्या, २८ लाच गच्च होत असेल तर कितीही सुंदर असो, सोडा. बऱ्याच एरो फ्रेममध्ये सीटट्यूब (फ्रेमची सीटखालची उभी नळी) मागच्या चाकाला चिकटून कोरलेली असते, पावसात तिथे खडी अडकते, आधी रंग जातो मग कार्बन घासायला लागतो. आणि रुंद रिमवर टायर लिहिल्यापेक्षा एक-दोन मिमी फुगतो हेही धरून चाला. रिम हुकवाली, म्हणजे टायर धरायला आत वळलेली कड असलेली घ्या, अशी कड नसलेल्या हूकलेसला ५ बार म्हणजे जवळजवळ ७३ पीएसआयची मर्यादा असते, आणि जाड माणसाला २८ च्या टायरमध्ये ती लगेच आडवी येते. जाड माणूस म्हणजे मीच.

रस्त्यांचं म्हणाल तर काँक्रीटचा रस्ता डांबरीपेक्षा वाईट असं काही नाही, नवा असेल तर उलट मस्त पळतो, पण स्लॅबच्या जोडावर आणि जिथे काँक्रीट संपून पेव्हर ब्लॉक सुरू होतात तिथे पायरी असते, ती दर काही मीटरला कमरेत बसते. त्याहून धोक्याच्या म्हणजे गटारावरच्या काही जाळ्या, ज्यांचे गज रस्त्याच्याच दिशेने आहेत. २५ चा टायर त्यात सरळ उतरतो. गज आडवे फिरवायला किती खर्च येतो हो? हे पत्र छापलंत तर निदान हे वाक्य कापू नका.

आता बजेट. चीनमध्ये ओपन मोल्ड म्हणतात तशा फ्रेम बनतात, म्हणजे साचा कारखान्याचा, कोणीही नाव लावून विकावं, त्यातल्या बऱ्याच फ्रेम जपानी टोरेच्या टी७००, टी८०० कार्बनच्या असल्याचं विकणारे सांगतात. पण नुसत्या धाग्याच्या नंबरवर भुलू नका, तो कुठे किती थर आणि कोणत्या दिशेने लावलाय यावर फ्रेमची ताकद ठरते, आणि ते बाहेरून दिसत नाही. विकणाऱ्याकडे आयएसओ ४२१० (सायकलच्या सुरक्षेचं आंतरराष्ट्रीय मानक) च्या टेस्टचा रिपोर्ट मागा, वॉरंटी लेखी मागा, टाळाटाळ केली तर पुढचं दुकान. आणि मोठ्या इटालियन कंपनीचं नाव चिकटवलेली फ्रेम पाव किमतीत मिळत असेल तर ती नकली आहे, तिच्या फोर्कवर (पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्यावर) आपला जीव ठेवायचा का ते घरच्यांना विचारा. ओपन मोल्ड आणि नकली या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, लेखात दोन्ही एकाच पारड्यात टाकल्या होत्या.

बाहेरून मागवताना कस्टम ड्युटी, आयजीएसटी आणि कुरियरवाल्याचे चार्जेस धरूनच हिशेब करा, नाहीतर स्वस्त फ्रेम दारात येईपर्यंत महाग झालेली असते. इथे घ्यायची तर २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकल आणि तिच्या पार्टवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, त्यामुळे टायर, ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच) असल्या गोष्टी आधी काळबादेवीपासून ठाण्यापर्यंतच्या दुकानांत विचारून बघाव्यात. ग्रुपसेट शिमानो १०५ मेकॅनिकल (केबलवर चालणारा) पुरे, ११ स्पीडचा जुना सेट चांगल्या हालतीत मिळाला तरी घ्यावा. ब्रेक मात्र हायड्रॉलिक डिस्क. पावसात खंडाळ्याहून खोपोलीकडे उतरताना हातात किती जोर लागतो ते ज्याने अनुभवलंय त्याला हे समजवायला नको. गिअर पुढे ५०-३४ दात्यांचे, मागे ११ ते ३४, म्हणजे घाटात एकास एक मिळतो, त्यात लाज कसली.

हँडलच्या बाबतीत माझं मत जरा कडक आहे. हँडल आणि स्टेम (हँडल फोर्कला जोडणारा दांडा) एकाच तुकड्यात, सगळ्या केबली आणि ब्रेकचे पाईप हेडसेटच्या (फोर्क ज्यावर फिरतो त्या बेअरिंगच्या) आतून, दिसायला एकदम चिकणं. पण स्टेम एक सेंटिमीटर आखूड हवा झाला तर पूर्ण कॉकपिट बदला, आणि हेडसेटचं वरचं बेअरिंग गेलं तर बऱ्याच सायकलींत पाईप सोडवा, तेल काढा, परत भरा. पुण्या-नाशकात ठीक असेल, इथे दमट हवा, खारा वारा, घाम थेट हेडसेटवर ठिबकतो आणि वर चार महिने पाऊस, बेअरिंग गंजणारच. म्हणून स्टेम वेगळा, हँडल वेगळं, केबल स्टेमच्या खालून नेलेली असली तरी चालेल. हवेत जो काही एकदोन वॅटचा तोटा होईल तो मी दाढी करून भरून काढीन.

उंचीचं म्हणाल तर कॅटलॉगमध्ये स्टॅक आणि रीच असे दोन आकडे असतात, स्टॅक म्हणजे क्रँक (पॅडलचा दांडा) ज्या अक्षावर फिरतो तिथपासून हेडट्यूबच्या (फ्रेमच्या पुढच्या नळीच्या) वरच्या टोकापर्यंतची उभी उंची, रीच म्हणजे त्याच दोन बिंदूंमधलं आडवं अंतर. मध्यम साईजच्या रेसिंग एरो फ्रेमचा स्टॅक साधारण ५४०-५५० मिमी असतो, चाळिशी उलटलेल्या, दिवसभर खुर्चीत बसणाऱ्या माणसाला तो कमी पडतो. त्यावर स्टेमखाली दोन-तीन सेंटिमीटरचे स्पेसर (चकत्या) टाका, लोक हसतील, हसू द्या. फोर्कची वर हँडलकडे येणारी नळी पहिल्याच दिवशी कापू नका, लांब ठेवा, थोडे दिवस चालवा, शरीर काय म्हणतंय ते ऐका आणि मग कापा, कापलेली नळी परत जोडता येत नाही. क्रँक १७२.५ मिमीपेक्षा १६५ किंवा १७० चा घेतला तर गुडघा वर येताना पोटाला कमी लागतो आणि वाकून बसणं एकदम सुसह्य होतं, हा उपाय इतका साधा आहे की लोकांना खराच वाटत नाही. आमच्यातल्या एका बँकवाल्याने एवढंच केलं, क्रँक आखूड आणि स्पेसर, कंबरेचा पट्टा कपाटात गेला.

घरी जोडणार असाल तर टॉर्क रेंच (किती जोराने आवळलं ते दाखवणारा पाना) आधी घ्या, फ्रेम नंतर. स्टेमचे बोल्ट साधारण ५ न्यूटन मीटर, पार्टवर छापलेलं असतं ते बघा. अंदाजाने पाना फिरवणारे हात लोखंडी सायकलवर शिकलेले असतात, कार्बनला ते चालत नाहीत, चीर आतल्या आत जाते. सीटपोस्टला ग्रीस लावायचं नाही, कार्बन पेस्ट लावायची. फोर्कच्या कार्बन नळीत ठोकायचा स्टार नट घालायचा नाही, फुगणारा प्लग घालायचा. अॅल्युमिनियमचे पार्ट आणि बोल्ट कार्बनमध्ये तसेच ठेवले तर खाऱ्या हवेत धरून बसतात, वर्षातून एकदा तरी उघडून साफ करा. हे सगळं जमत नसेल तर चांगल्या मेकॅनिकला पैसे द्या, त्यात घासाघीस करू नका.

खोल रिमबद्दल थोडं. मागे ५० चालेल, पुढे ४० च्या वर जाऊ नये असं मला वाटतं, कारण वाशीच्या खाडीपुलावर किंवा वरळी सीफेसला पावसाळी वारा बाजूने आला की पुढचं चाक हँडल हिसकावतं, आणि शेजारून ट्रक किंवा बस जात असते.

चालवायचं कुठे हाही प्रश्न लेखात होता. सी लिंकवर आणि अटल सेतूवर सायकलला बंदी आहे, एक्स्प्रेसवेवर पण. पण पहाटे मरीन ड्राईव्ह आहे, नवी मुंबईचा पाम बीच आहे, खारघरचा चढ आहे, जुना मुंबई-पुणे हायवे आहे, ज्याच्या बोरघाटात मुंबई-पुणे सायकल रेसमध्ये पहिला येणाऱ्याला घाटाचा राजा म्हणतात. पश्चिम उपनगरातल्यांनी लक्षात ठेवावं की मेट्रो २अ आणि ७ मध्ये सायकल नेता येते, दमलात तर परत येताना उपयोगी.

पुरवणीत पुढे कधी सायकलींवर पान काढलंत तर एक विनंती आहे. प्रत्येक सायकलीच्या फोटोखाली वजन आणि किंमत तुम्ही छापताच, त्याच ओळीत टायर किती रुंद बसतो आणि स्टॅक किती एवढे दोन आकडे पण द्या, जागा काय ती अर्ध्या ओळीची लागेल.

आपला,
एक जुना वाचक, मुलुंड (पूर्व)