मालिका कानांनी बघ

पंचवटी, नाशिक

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू म्हणालीस की 'महाभारत' लावलं होतंस, पण दहा मिनिटांत बंद केलंस. बाण हवेत एकमेकांवर आपटतात, मुकुट पुठ्ठ्याचे वाटतात, आणि एकेक वाक्य बोलायला किती वेळ घेतात ही माणसं! तेव्हा कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या, नीट उत्तर देता आलं नाही. पण विषय माझ्या इतका जिव्हाळ्याचा आहे की सविस्तर लिहिल्याशिवाय राहवेना.

सेटबद्दल तू म्हणतेस ते खरंच आहे. दिवाळीत तू आणून दिलेल्या मोठ्या टीव्हीवर तर हस्तिनापूरच्या खांबांवरचा रंगाचा फटकारासुद्धा दिसतो. पण ही मालिका १९८८ ते १९९० या काळात आली. तेव्हा आपल्याकडे छोटा कृष्णधवल टीव्ही होता. वारा सुटला की गच्चीवरचा अँटेना फिरायचा आणि पडद्यावर नुसत्या मुंग्या. वाड्यातली सगळी बिऱ्हाडं आपल्या खोलीत जमायची. दाराशी उभ्या असलेल्यांना पुढच्यांची डोकीच दिसत. तरी गोष्ट कुणाचीच चुकायची नाही, कारण ती सगळी बोलण्यात होती. मी आत पोळ्या लाटत असायचे आणि बाहेर भीष्म बोलतायत की द्रोण, ते मला बरोबर कळायचं.

तुझ्या आजीचं तर काय सांगू! त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. भिंतीला टेकून बसायच्या आणि त्यांनी चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव भाग 'पाहिले'. गुफी पेंटल यांचा शकुनी 'भांजे' म्हणायचा, त्या एका शब्दावरून आज त्याच्या मनात काय शिजतंय ते त्या सांगायच्या. द्यूतसभेच्या भागात त्यांनी मला एकदाच विचारलं, "आता कोण कोण गप्प बसलंय गं?" मी नावं सांगत गेले आणि त्या मान हलवत राहिल्या.

गेल्या महिन्यात तोच प्रसंग मी पुन्हा लावला आणि मुद्दाम डोळे मिटून ऐकला. रूपा गांगुलीची द्रौपदी सभेला विचारते की धर्मराज आधी स्वतःला हरले की मला, आणि स्वतःला हरलेल्या माणसाला मला पणाला लावायचा अधिकार उरतो का? हा प्रश्न मूळ महाभारतातलाच आहे, आपण लहानपणापासून ऐकलेला. पण तिचा आवाज एकेका माणसाकडे वळत जातो आणि कुणाकडूनच उत्तर येत नाही, तेव्हा अंगावर काटा येतो. तुला जे रेंगाळणं वाटलं ना, ती या न आलेल्या उत्तरांची जागा आहे. पटापट कापून हा प्रसंग दाखवला असता, तर सभेचा गुन्हा निम्म्याने कमी झाला असता. संवाद लिहिणारे राही मासूम रझा मुळात कादंबरीकार. वाक्य कुठे थांबवायचं हे त्यांना ठाऊक होतं. आणि सगळी कथा सांगणारा 'समय' तर मालिकेभर दिसतच नाही, नुसता हरीश भिमाणींचा आवाज. माणसाचं रूप न देता काळाला नुसता आवाज द्यायचा, हे ज्याला सुचलं त्याला माझा मनापासून नमस्कार.

'रामायण' मात्र मला पुन्हा बघताना जड गेलं. प्रत्येक मोठ्या वाक्यानंतर सगळ्यांचे चेहरे एकामागून एक दाखवतात, तिथे तुझी अधीरता मलाही समजते. रवींद्र जैन यांचं गाणं सुरू झालं की मी परत जागेवर बसते, इतकंच. १९८७ साली मालिकेतला वनवास पंचवटीत पोचला, तेव्हा आपल्या आळीत जो उत्साह होता तो वेगळाच. सीतागुंफा चार पावलांवर, काळाराम मंदिर त्याहून जवळ, आणि पडद्यावर आपलीच पंचवटी! चित्रण गुजरातमधल्या उमरगावला झालं होतं, हे पुष्कळ नंतर कळलं. त्याने काही बिघडलं नाही. २०२०च्या टाळेबंदीत दूरदर्शनने ती पुन्हा दाखवली, तेव्हा तू घरीच होतीस, फोनमध्ये डोकं घालून.

आता जिच्यासाठी खरं तर हे पत्र लिहायला घेतलं, ती 'भारत एक खोज'. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात कैदेत असताना लिहिलेल्या पुस्तकावर श्याम बेनेगल यांनी १९८८ साली ही मालिका केली. भाग त्रेपन्न. रोशन सेठ नेहरू होऊन मधेमधे येतात आणि निवेदनाला ओम पुरींचा आवाज. शीर्षकाला ऋग्वेदातलं नासदीय सूक्त आहे, आधी संस्कृत आणि मग वसंत देव यांचं हिंदी. संगीत वनराज भाटियांचं. सृष्टीच्या आधी सत् नव्हतं, असत्‌ही नव्हतं, असं म्हणत मालिका सुरू होते आणि सूक्त शेवटी प्रश्नावरच सोडते. पाच हजार वर्षांचा इतिहास सांगायला बसलेला माणूस 'मला माहीत नाही' असं म्हणून सुरुवात करतो, हे मला त्या वयात कळलंच नव्हतं. आता दर वेळी शीर्षक पूर्ण ऐकते. बाबा रिमोट मागतात, मी देत नाही.

तेव्हा न दिसलेली आणखी एक गोष्ट. तीच नटमंडळी पुन्हा पुन्हा येतात. सलीम घौस यांनी राम केला, कृष्णही केला आणि टिपू सुलतानही केला. ओम पुरी सम्राट अशोक होतात, अल्लाउद्दीन खिलजी होतात आणि नसीरुद्दीन शाहांच्या शिवाजी महाराजांसमोर औरंगजेबही होतात. कपडेपट साधा, त्यामुळे फरक करायला नटाकडे उरतो आवाज. अशोकाचा पश्चात्ताप आणि औरंगजेबाचा थकवा एकाच गळ्यातून येतो, तरी ती दोन वेगळी माणसं वाटतात. या देशात राम आणि टिपू यांचा चेहरा एकच असू शकतो, हेही त्या निवडीतून न बोलता सांगितलं गेलं. हल्ली हे पाहताना मला फार बरं वाटतं.

आवाजाचाच विषय निघाला म्हणून सांगते. मी लहानपणी सुटीत दादरला मामाकडे जायचे, तेव्हा दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकरांचा चिमणराव ऐकला होता. पुढे २००१ साली 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सुरू झाली. तेव्हा प्रभावळकरांनी साठीही गाठली नव्हती, आणि त्यांनी केलेल्या आजोबांचा, आबांचा तो किंचित कापरा, मिश्कील आवाज ऐकून सगळ्या महाराष्ट्राला आपले आजोबा आठवले. त्यात खलनायक नाही, कट नाही, विष नाही. एका घरातली पाच माणसं एकमेकांशी बोलतात, बस्स. तू हे भाग मांडीवर बसून पाहिलेस, आणि आबांचा नातू शिऱ्या बोलू लागला की टाळ्या पिटायचीस. ते पुन्हा लाव. त्याला पहिले भाग सोसावे लागत नाहीत, लगेच घरात घेतात.

तर माझं एवढंच मागणं आहे. 'भारत एक खोज'चा पहिला भाग येत्या रविवारी बघ. तुझ्या त्या दीडपट वेगाने अजिबात नको. इअरफोन लाव, दिवे घालव, फोन दुसऱ्या खोलीत ठेव. एका रविवारी एकच भाग, रात्रीत दहा संपवायचे नाहीत. मधले सहा दिवस डोक्यात घोळायला हवेत, तेव्हाच दुसरा भाग गोड लागतो. मीही इकडे तोच भाग लावेन आणि सोमवारी तू ऑफिसला निघायच्या आत फोन करेन. आवडला नाही तर तसं सांग, पण कुठे कंटाळा आला ते नेमकं सांग, मी ती जागा पुन्हा ऐकेन.

शिवाजी महाराजांचे भाग मात्र पुढे जाऊन बघू नकोस. ते बाबांना तुझ्याबरोबर बघायचेत.

तुझी,
आई