रविवारी रस्ता-पाहणी : सुरसागर ते कमाटीबाग

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी साडेसहाला बडोद्यात न्यायमंदिरासमोर जमायचं आहे. तिथून रावपुरा, कोठीमार्गे कमाटीबागेपर्यंत. चालणारे चालत, सायकलवाले सायकलवर. घरातल्या ज्येष्ठांना आणि शाळकरी मुलांना जरूर आणा. फूटपाथचे खरे परीक्षक तेच.

मेजरिंग टेप लागेल. इंडियन रोड्स काँग्रेस या रस्त्यांचे निकष ठरवणाऱ्या संस्थेप्रमाणे फूटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी आणि उंची १५० मिलिमीटरहून जास्त नको. मोकळी म्हणजे खांब, डीपी (विजेच्या पेट्या), उभ्या स्कूटर सोडून उरते ती. उंची नक्की मोजा. फूटपाथ उंच असला की गुडघे दुखणारी आजी रस्त्यावरूनच चालते, मग फूटपाथ असून उपयोग काय? सायकलवाल्यांनी गटाराच्या जाळ्या पाहाव्यात. पट्ट्या चाकाच्या दिशेनेच असतील तर टायर सरळ आत अडकतो. अशा प्रत्येक जाळीचा फोटो घ्या, जवळच्या दुकानाची खूण लिहा.

वाटेत भाजीवाल्यांशी, दुकानदारांशीही बोलू. त्यांना वगळून आखलेला मार्ग टिकत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

नोंदी बुधवारपर्यंत ग्रुपवर टाका. त्या एकत्र करून खंडेराव मार्केटला, महापालिकेत लेखी देऊ आणि पोच घेऊ. येऊ न शकणाऱ्यांनी आपल्या रोजच्या वाटेवरची एक तरी अडचण कळवावी.