ॲक्रिलिक नखांना ‘कोणताही ब्रश’ चालत नाही

संपादक महोदय,

आपल्या पुरवणीतला घरच्या घरी ॲक्रिलिक नखं लावण्याविषयीचा लेख वाचला. पावडर, लिक्विड, फाईल यांची माहिती नीट दिली आहे. ब्रशविषयी मात्र ‘कोणताही बारीक ब्रश चालेल’ एवढंच लिहिलंय. अकरा वर्षं मी हेच काम करते आहे, म्हणून या एका वाक्यावर गप्प बसवत नाही.

ब्रश लिक्विडमध्ये बुडवून पावडरीला टेकवला की टोकावर ओली गोळी तयार होते, तीच नखावर पसरायची असते. ती किती ओली होणार हे ब्रशच्या केसांवर ठरतं. रंगकामाच्या साध्या ब्रशचे केस लिक्विड धरून ठेवत नाहीत, सोडून देतात. मग ते नखाच्या कडेच्या कातडीवर उतरतं.

शिकताना मी थेट १६ नंबरचा ब्रश घेतला होता. मोठ्या ब्रशने काम झपाझप होतं, असं कुणीतरी सांगितलं होतं. माझ्या हाताला तेव्हा ताबा नव्हता. गोळी मोठी व्हायची, पसरायची, आणि महिन्याभरात एका मैत्रिणीच्या बोटांना खाज सुटून कातडी सोलायला लागली. लिक्विडमधल्या ॲक्रिलेट जातीच्या रसायनाची ॲलर्जी एकदा जडली की सहसा जन्मभर राहते. याच जातीची रसायनं दातांच्या उपचारांत आणि हाडांच्या सिमेंटमध्येही असतात, त्यामुळे हा प्रश्न नखांपाशी संपत नाही. त्या मैत्रिणीचे हात आजही माझ्या डोळ्यांसमोर आहेत.

नवशिक्यांनी ८ किंवा १० नंबरचा, टोकदार ब्रश घ्यावा. नंबर सगळ्या कंपन्यांचे सारखे नसतात, म्हणून केसांचा भरणा डोळ्यांनी बघावा आणि ओला केल्यावर टोक एकत्र येतं का तेही पाहावं. हात बसला की मग १२, १४ कडे जावं.

केसांत ‘कोलिन्स्की सेबल’ या नावाने मिळणारे प्राण्याचे केस सर्वांत चांगले. नावात ‘सेबल’ हा वेगळा प्राणी असला तरी ते सायबेरियन वीझल या मुंगसासारख्या दिसणाऱ्या छोट्या प्राण्याच्या शेपटीचे असतात. ज्यांना प्राण्याचे केस नको असतील त्यांनी सिंथेटिक जरूर वापरावा, फक्त तो ॲक्रिलिकसाठीच बनवलेला हवा. जेल नखांसाठीचा ब्रश नको. ‘कोलिन्स्की’ म्हणून सर्रास सिंथेटिक विकलं जातं. शंका आली तर गळलेला एखादा केस लिक्विडपासून लांब, दुसऱ्या खोलीत जाळून बघावा. खरा केस जळक्या केसांचा वास देत राख होतो, सिंथेटिक वितळून त्याची गुठळी होते. लिक्विड लगेच पेट घेतं, म्हणून हे अंतर पाळाच.

नव्या ब्रशचे केस खळ लावून कडक केलेले असतात. बोटांनी हलकेच चोळून ती खळ मोकळी करावी, मग लिक्विडमध्ये बुडवून पुसावा. बाहेर आलेले केस कात्रीने कापू नयेत, टोक कायमचं जातं. ॲसिटोनने धुवू नये, केस कोरडे पडतात. ज्या लिक्विडमध्ये काम करतो त्यातच साफ करावा. आणि ठेवताना आडवा ठेवावा. केस वर करून उभा ठेवला तर लिक्विड धातूच्या नळीत उतरून आतला गोंद सोडवतं.

लेख वाचून कुणी साधा ब्रश घेऊन बसण्याआधी ते वाक्य पुढच्या अंकात दुरुस्त करावं, ही कळकळीची विनंती.

आपली,
एक नेल टेक्निशियन