जून यायच्या आधी आमच्या तळ्याचा बांध कुणीतरी बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यातून लिहितेय. आमच्या गावाच्या वरच्या अंगाला मातीच्या बांधाचं एक लहान धरण आहे, आम्ही नुसतं तळं म्हणतो. ह्याच तळ्याचं पाणी जॅकवेलमधून, म्हणजे पंप बसवलेल्या विहिरीतून, टाकीत चढतं आणि टाकीतून नळांना येतं. जलजीवन मिशनमध्ये घरोघर नळ आले, रस्ते खणून नवीन पाईप घातले, ते चांगलंच झालं, डोक्यावरची घागर गेली. पण ज्या तळ्यातून हे पाणी येतं त्याच्या बांधावर त्या सगळ्या कामात कुणी एक बुट्टी माती टाकली नाही.

गेल्या दिवाळीनंतर तळं भरलेलं असताना मी म्हशीला गवत कापायला बांधाखाली गेले होते. पायथ्याला एका जागी नेहमी थोडं पाझरतं, मातीच्या बांधातून थोडं पाणी येतंच, त्याला आम्ही कधी भ्यालो नाही. पण ते पाणी नितळ असायचं, ह्या वेळी गढूळ होतं. तांब्यात धरून घरी आणलं तर सकाळी तळाला लाल गाळ बसलेला. आमचे मामा म्हणजे सासरे, त्यांनी लहानपणी हा बांध घालताना बघितलाय, ते तांब्याकडं बघून म्हणाले की पोरी, हे पाणी नाही, बांधाची माती बाहेर यायला लागलीय. आणि ते खरंच आहे, गढूळ पाणी आलं म्हणजे आत नळीसारखी पोकळी होत जाते, वरून बांध धडधाकट दिसतो आणि मग एकदम खचतो.

मी आणि बचत गटाच्या बायका अर्ज घेऊन फिरलो. अर्ज कन्नडमध्ये पाहिजे म्हटले, तो एका मास्तरांकडून लिहून घेतला. एका ऑफिसात सांगतात तळं आमच्याकडं नाही, दुसरीकडं सांगतात बांध त्यांचा, आम्ही फक्त पाणी उचलतो. शेवटी मे महिन्यात एकजण येऊन गेले आणि म्हणाले, कुठं गळतंय? अहो साहेब, पाणीच खाली गेलंय तर गळणार कुठनं, ती जागा सुकलीय. पण बांध दुरुस्त करायचा असेल तर हीच वेळ आहे ना, तळं भरल्यावर कोण आत उतरणार?

गळती ही एकच गोष्ट असती तरी एक वेळ धीर धरला असता. बांधावर घाणेरी माजलीय, त्यात दोन-तीन झाडं आता मांडीएवढी जाड झालीत, त्यांची मुळं कुठपर्यंत गेली असतील कुणास ठाऊक. पाण्याच्या बाजूला माती धुपू नये म्हणून रचलेले पिचिंगचे दगड ढासळलेत, काही लोकांनी गडग्याला नेले. वीटभट्टीसाठी माती काढणाऱ्यांनी बांधाच्या पायाजवळपर्यंत जेसीबी घातलाय, म्हणजे पायाला जो भार पाहिजे तोच काढून घेतला. आणि सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर जायची वाट, त्याची तर मला सगळ्यात जास्त भीती वाटते. मासे निसटू नयेत म्हणून सांडव्याला जाळी बांधतात, त्यात पाला आणि काटक्या अडकतात, की सांडवा बंद. मातीच्या बांधावरून पाणी गेलं की बांध राहत नाही, हे आमच्याकडच्या शेतकऱ्याला शिकवायला लागत नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी बांधाच्या माथ्यापासून हातभर राहिलं होतं, रात्री गावातल्या पोरांनी कंबरेला दोर बांधून कोयत्यानं जाळी कापली. त्या रात्री आम्ही बायका-पोरं घेऊन देवळात बसलो होतो, देऊळ तेवढं उंचावर आहे. पुढच्या वर्षी जाळी परत लागली.

२०१९ मध्येच, २ जुलैच्या रात्री चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण फुटलं, ते पण मातीचंच. खालची भेंदवाडी वाहून गेली, वीसच्या वर माणसं गेली. तिथल्या लोकांनी पण गळतंय म्हणून आधीच सांगितलेलं होतं. ते वाचल्यापासून पावसात रात्री ओढ्याचा आवाज वाढला की मला झोप लागत नाही.

धरण सुरक्षेचा कायदा २०२१ साली झाला. त्यात १५ मीटरच्या वरची धरणं येतात, १० ते १५ मीटरमधली काही अटींवर येतात, आणि त्यांची पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी करायलाच लागते. आमचा बांध सात-आठ मीटरचा, म्हणजे आम्ही त्यातून सुटलो. पण बांधाखाली घरं किती आहेत हे उंचीवरून कसं ठरणार? आमची पूर्ण गल्ली ओढ्याच्या काठाला आहे, अंगणवाडी पण तिथंच.

तुमच्या पेपरात पावसाळाभर बेळगावला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाची पातळी येते, पूर्ण भरायच्या २४७५ फुटाला अजून किती कमी आहे ते बेळगावातल्या माणसाला तोंडपाठ असतं. हिडकल धरणाचं पण येतं. आमच्या तळ्यात पाणी मोजायला साधी पट्टी रंगवलेली नाही, आणि रात्री काही झालं तर फोन कुणाला करायचा तो नंबर कुठं लिहिलेला नाही. तुमचे तालुक्यातले बातमीदार अशा लहान तळ्यांवर एकदा फिरून आले, कुठलं तळं कुठल्या खात्याकडं आहे एवढं जरी छापलंत, तरी आम्हाला अर्ज घेऊन कुठल्या दारात उभं राहायचं ते कळेल.

पाऊस यायला तीन आठवडे राहिलेत. सांडव्यातला पाला काढायला आणि घाणेरी तोडायला आम्ही बायका उद्या पण तयार आहोत, ठरलंय आमचं. पण ती जाड झाडं मुळासकट उपटायची की नुसती कापायची, मुळं काढली तर तिथं भोक पडून जास्तच पाणी शिरेल का, गढूळ पाणी येत होतं ती जागा कशानं भरायची, हे आम्ही अंदाजानं करू शकत नाही. त्यासाठी एक इंजिनिअर पाहिजे, एक दिवस. जागा दाखवायला मी स्वतः येते.

आपली,
एक वाचक, खानापूर तालुका