गाईडदादा, माझ्या बाबांना परत भूगोल शिकवायला लावलंत त्याबद्दल

गाईडदादा,

तुमचं नाव इथे लिहीत नाही, तुमची परवानगी घेतलेली नाही म्हणून. मेक्सिकोतल्या वायादोलिद गावातून सकाळी काळोखात गाडी काढणारे आणि घरी बायकामुलांशी माया भाषेत बोलणारे आमचे गाईड, एवढं पुरे. याचं स्पॅनिश मी तुम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवेनच, पण आधी मराठीत लिहितेय कारण हे बाबांना स्वतःला वाचायचंय, आणि दुसरं म्हणजे ह्यूस्टन, डॅलस, न्यू जर्सीची आपली बरीच मंडळी लाँग वीकेंडला कानकूनला जातात, बीचवर पडतात आणि एक दिवस चिचेन इत्सा हे जुनं माया शहर उरकून येतात, त्यांनाही कळू दे की तो एक दिवस कसा असू शकतो.

माझे बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवायचे, मेहकरकडे, बुलढाणा जिल्ह्यात. आई गेल्यावर आम्ही त्यांना आमच्याकडे आणलं. इथे घरात सगळं आहे पण बोलायला माणूस नाही, दिवसभर खिडकीशी बसून असायचे, विचारलं तर हो, नाही, बरं, एवढंच. ट्रिपला सुद्धा माझ्या नवऱ्याने आग्रह केला म्हणून आले. गाडीत बसताना मी तुम्हाला हळूच म्हटलं होतं की बाबांची बायपास झालीय, फार चालवू नका, आणि ते फारसे बोलत नाहीत तर वाईट वाटून घेऊ नका. तुम्ही फक्त मान हलवलीत आणि त्यांना पुढच्या सीटवर बसवलंत. तिथपासूनच आभार सुरू होतात माझे.

रस्त्यात तुम्ही विचारलंत, या प्रदेशात एवढी हिरवळ आहे पण नदी दिसली का तुम्हाला कुठे? आणि बाबा पटकन म्हणाले, चुनखडी असणार. बस्स. त्यानंतर तुम्ही दोघं थांबलाच नाहीत आणि मी मध्ये बसून मराठीचं इंग्रजी नि इंग्रजीचं मराठी करत राहिले. युकातान द्वीपकल्पाच्या या उत्तर भागात जमिनीवर नद्याच नाहीत, पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन किंचित आम्ल होतं, चुनखडी विरघळवत खाली जातं, खाली गुहा तयार होतात आणि कधीतरी छत कोसळलं की वर उघडं पडतं ते सेनोटे. तुळुमच्या बाजूला पाण्याखालच्या एकाच गुहेची मापलेली लांबी ३०० किलोमीटरहून जास्त आहे हे तुम्ही सांगितलंत तेव्हा बाबांनी मला दोनदा विचारलं की तू आकडा बरोबर सांगतेयस ना.

मग तुम्ही चिक्शुलूब विवराच्या विषयावर आलात. ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी इथेच तो डायनासोरांच्या काळातला लघुग्रह पडला, सुमारे १८० किलोमीटर रुंदीचं विवर, आज अर्धं समुद्राखाली आणि सगळंच चुनखडीच्या थरांखाली गाडलेलं, वरून काही दिसत नाही, पण त्याच्या काठावर सेनोटेंचं एक अर्धवर्तुळ उमटलंय. आणि हे मला फार आवडलं, तुम्ही लगेच स्पष्ट केलंत की आज आपण ज्या सेनोटेत उतरणार ते त्या कड्यावरचं नाही, ते कडं पश्चिमेला मेरिदाच्या बाजूला आहे. सोपं होतं हो तुम्हाला, नुसतं "हो हो डायनासोरवालंच आहे" म्हणणं, आम्हाला काय कळणार होतं.

त्यावर बाबांनी तुमच्या खिशातलं पेन मागितलं. तुमच्या त्या ब्रोशरच्या मागे त्यांनी महाराष्ट्राचा नकाशा काढला, न बघता, फळ्यावर काढायचे तसा एका रेघेत, आणि सांगायला लागले की आमचं लोणार आमच्या गावाजवळ, तेही उल्केनेच झालेलं, पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद, आणि ते बसाल्टमध्ये आहे, आणि तो बसाल्ट म्हणजे आमचा अख्खा सह्याद्री, ज्याचा लाव्हा जमिनीतून वर आला तो काळही हाच, ६ कोटी ६० लाख वर्षांच्या आसपासचा! तुमच्याकडे वरून दगड पडला आणि आमच्याकडे खालून लाव्हा आला, डायनासोर नक्की कुणी मारले त्यावर शास्त्रज्ञ अजून भांडतायत. तुम्ही गाडी बाजूला घेतलीत. खरंच बाजूला घेऊन इंजिन बंद केलंत आणि तो कागद हातात घेऊन त्यांना प्रश्न विचारलेत, लोणारच्या पाण्याची चव कशी, बसाल्टमध्ये पाणी मुरतं का, मग तुमच्याकडे विहिरी किती खोल. चिचेन इत्साला आठला गेट उघडतं, त्या आधी पोचायची तुमची धडपड मला माहीत होती (कानकूनच्या बसेस यायच्या आत बघून घ्यायचं, शिवाय कानकूनचं घड्याळ युकातान राज्याच्या एक तास पुढे आहे हे गृहीत धरून निघायचं, हे तुम्हीच शिकवलंत), तरी तुम्ही ती दहा-पंधरा मिनिटं बाबांना दिलीत.

बाबांना असं बोलताना मी आई असतानाचं पाहिलं होतं, त्यानंतर आत्ता.

चिचेन इत्साबद्दल काय लिहू, फोटो सगळ्यांनी पाहिलेत. पण फोटोत हे येत नाही की पिरॅमिडसमोर उभं राहून टाळी वाजवली की पायऱ्यांवरून पक्ष्याच्या चिवचिवाटासारखा आवाज परत येतो, आणि तिथे चढायला बंदी आहे ते बरंच आहे. तुम्ही बाबांना झाडाखाली बसवून काडीने मातीत माया आकडे काढून दाखवलेत, टिंब म्हणजे एक, आडवी रेघ म्हणजे पाच, शिंपल्याचं चित्र म्हणजे शून्य, आणि मोजणी विसाविसाची. चार बाजूंना ९१ पायऱ्या, वरचा चौथरा धरून ३६५, हा हिशोब बाबांनी त्याच चिन्हांत मांडून दाखवला आणि तुम्ही तपासलात! शून्य दोन्हीकडे आपापलं सुचलं, कुणी कुणाकडून घेतलेलं नाही, यावर तुम्ही हात मिळवलात ते मी फोटोत पकडलंय. शुक्राचं गणित पण तिथेच झालं. ५८४ दिवसांची शुक्राची पाच चक्रं म्हणजे बरोबर आठ वर्षांचे २९२० दिवस, हे तुमच्या पूर्वजांनी दुर्बिणीशिवाय पकडलं. वसंतात आणि शरदात दिवसरात्र समान होतात तेव्हा पायऱ्यांच्या कडेने सावलीचा साप उतरताना दिसतो म्हणालात, तर बाबांनी कोल्हापूरच्या अंबाबाईचा किरणोत्सव सांगितला.

आता जे मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. पवित्र सेनोटेच्या काठावर शेजारच्या ग्रुपचा गाईड कुमारिकांना पाण्यात ढकलायचे वगैरे जोरजोरात सांगत होता आणि आमच्यातल्या एकाने तुम्हाला तेच विचारलं, आणि लगोलग हेही की मग हे माया लोक अचानक गेले कुठे. तुम्ही चिडला नाहीत. पाण्यातून निघालेली हाडं पुरुषांची, बायकांची, मुलांची, सगळ्यांची आहेत हे सांगितलंत, बळी दिले जायचे हे लपवलं नाहीत. मग जवळच्याच एका भूमिगत टाकीत सापडलेल्या ६४ मुलांच्या अवशेषांचा डीएनए तपासल्याचं सांगितलंत, २०२४ ला निष्कर्ष छापून आले, सगळेच्या सगळे मुलगे निघाले, त्यात जुळ्यांच्या दोन जोड्या. आणि त्याच अभ्यासात आजच्या एका माया गावातल्या लोकांचा डीएनए त्या मुलांशी जुळणारा आढळला. "गेलो कुठे नाही, मी सकाळी तुम्हाला हॉटेलवरून घेऊन आलो की," इतकंच म्हणालात, हसून.

मला स्वतःला २०१२ आठवलं. आपल्याकडच्या चॅनेलवर माया कॅलेंडर संपतंय म्हणून जग बुडणार असे कार्यक्रम चालले होते, आणि त्या वेळीही ती भाषा बोलणारी लाखो माणसं मका पेरत होती, त्यांना कुणी विचारलं नाही. १५६२ मध्ये मानी गावात एका स्पॅनिश धर्मगुरूने माया पोथ्या जाळल्या, आज जगात फक्त चार उरल्यात, हे सांगताना तुमचा आवाज बदलला होता. बाबा तेव्हा काही बोलले नाहीत, पण रात्री हॉटेलवर त्यांनी डायरीत लिहिलेलं पहिलं वाक्य तेच होतं.

सेनोटेवर शॉवर घेऊनच उतरायचं, सनस्क्रीन नाही, तेल नाही. बाबांच्या डोक्याला खोबरेल चोपडलेलं. तुम्ही नियम सांगून थांबला नाहीत, खाली सगळं पाणी एकमेकांना जोडलेलं आहे, इथे उतरलेलं तेल उद्या कुणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात जाणार, असं सांगितलंत, आणि बाबा मुकाट जाऊन डोकं साबणाने धुऊन आले, जे ते माझ्या सांगण्यावरून सात जन्मात करणार नाहीत. लहानपणी ते कमरेला सुका भोपळा बांधून गावच्या विहिरीत पोहायला शिकले, त्यामुळे वर आभाळाचा गोल तुकडा, खाली काळंनिळं गार पाणी, कडेने उतरलेल्या झाडाच्या मुळ्या, हे त्यांना परकं वाटलंच नाही. लाइफ जॅकेट घालून, दोराला धरून, तुम्ही शेजारी पोहत, सावकाश एक चक्कर. मी काठावर त्यांच्या गोळ्या हातात धरून उभी होते. बायपासनंतर ते पाण्यात उतरले नव्हते हो दादा.

जेवणाचंही लिहायलाच हवं. तुमच्याकडच्या राजम्यात आणि तमालेत (मक्याच्या पिठाचे वाफवलेले रोल) बऱ्याचदा डुकराची चरबी असते हे मला माहीत नव्हतं, तुम्ही आदल्या दिवशी विचारून, गावातल्या त्या मावशींना फोन करून वेगळं करवून घेतलंत. चुन्याच्या पाण्यात शिजवलेल्या मक्याच्या गरम तोर्तिया, भोपळ्याच्या बिया नि भाजलेल्या टोमॅटोची ती चटणी, वर हबानेरो. बाबांनी हबानेरो मागून घेतला तेव्हा मावशी घाबरल्या होत्या. त्यांच्या अंगणात चिकूचं झाड बघून बाबा उठून उभेच राहिले. आपल्या घोलवड-डहाणूच्या चिकूचं मूळ घर हे, याच झाडाच्या चिकापासून पूर्वी च्युइंग गम बनायचं, आणि ग्वाटेमालातल्या टिकाल या जुन्या माया शहरात देवळांच्या दारांवर याच लाकडाच्या तुळया बाराशे वर्षं टिकून आहेत! आणि पाऊस लांबला की तुमच्या गावात चाक या पावसाच्या देवाची पूजा होते, लहान मुलं वेदीखाली बसून बेडकासारखी ओरडतात, हे ऐकल्यावर बाबांनी धोंडीची गोष्ट सांगितली, लिंबाच्या डहाळ्या बांधलेला पोरगा दारोदार फिरतो आणि घराघरातून त्याच्यावर पाणी ओततात ती. मावशींच्या सासूबाईंनी ते मायामधून ऐकलं, म्हणजे मराठी, इंग्रजी, स्पॅनिश, माया असा प्रवास करून, आणि त्यांनी बाबांना अजून एक तोर्तिया वाढली.

तुमच्या कामाचे पैसे आम्ही दिले, टिप दिली, तो हिशोब झाला. त्यात प्रश्न विचारणं येत नाही. रोज तीच वाट, तेच पिरॅमिड, तेच बाष्कळ प्रश्न, तरी एका गप्प म्हाताऱ्या माणसाला काहीतरी येतं हे ओळखून त्याच्याकडून शिकायला बसणं, हे कुठल्या टूरच्या पॅकेजमध्ये लिहिलेलं नसतं. मी मुलगी असून वर्षभर त्यांना "बरं वाटतंय ना" विचारत राहिले, आणि तुम्ही विचारलंत की बसाल्टमध्ये पाणी मुरतं का.

परत आल्यापासून बाबा शनिवारी आमच्या कॉलनीतल्या मराठी पोरांना गोळा करून बसवतात, ग्लोब आणलाय, चिक्शुलूब आणि लोणारवर लाल टिकल्या लावल्यात. तुमच्या मुलीला शाळेसाठी विवराचे फोटो हवे होते ना, ते बाबांनी मेहकरच्या त्यांच्या जुन्या विद्यार्थ्याकडून मागवलेत, २०२० ला लोणारचं पाणी गुलाबी झालं होतं तेव्हाचे पण आहेत. प्रत्येक फोटोखाली त्यांनी स्वतः इंग्रजीत माहिती लिहिलीय, स्पेलिंग मी तपासलेत. ती काही विचारणार असेल तर थेट बाबांनाच फोन करू दे, संध्याकाळी सातनंतर, नंबर तुमच्याकडे आहेच.

तुमची,
मेहकरच्या सरांची मुलगी